शेवटच्या गाडीआधी

मामाच्या गावच्या थिएटरात सहाचा खेळ सव्वासहाला सुरू व्हायचा आणि काहीही झालं तरी नवाला दहा कमी असताना संपायचा. चित्रपट दोन तासांचा असला तर बियाण्यांच्या, सराफांच्या आणि कुणाकुणाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा देणाऱ्या स्लाइडा वाढायच्या. तीन तासांचा असला तर चित्रपटच कमी व्हायचा. नऊ वाजता स्टँडवरून वरच्या अंगाच्या वाड्यावस्त्यांची मुक्कामी एसटी सुटायची आणि निम्मं थिएटर त्या गाडीचं असायचं. हे गणित मॅनेजरचं नव्हे, नानांचं. नाना म्हणजे मामाचे शेजारी आणि थिएटरचे ऑपरेटर. कुठल्या चित्रपटातलं काय गेलं तरी चालतं, हे त्यांना एका खेळात कळायचं. पहिला दिवस ते पडद्याकडे बघायचेच नाहीत. मशीनशेजारच्या चौकोनी भोकातून खाली लोकांकडे बघायचे. लोक कधी बिडी काढतात, कधी लघवीला उठतात, कधी पोराला दटावतात. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग गेलेला असायचा.

'कॅसिनो रॉयल' मी तिथं पाहिला, २००७ सालच्या सुरुवातीला, हिंदीतून. डॅनिएल क्रेगचा पहिला बॉण्ड. बाहेर तो आदल्या नोव्हेंबरात लागला होता. आमच्याकडे पोचेपर्यंत प्रिंटवर उभ्या रेघांचा पाऊस सुरू झाला होता. पण पहिला तासभर थिएटर खुर्चीवर टेकलं नाही. बांधकामावरच्या क्रेनवर माकडासारखा चढणारा तो पळपुटा आणि त्याच्यामागं भिंती फोडत जाणारा बॉण्ड, मग मायामीच्या विमानतळावरची ती टँकरची पळापळ. शिट्ट्या. मग पत्त्यांचा डाव आला. पत्ते म्हटल्यावर आमच्या गावाला काही समजावून सांगावं लागत नाही. नियम वेगळे असले तरी कोण थापा मारतोय हे ओळखायला कुणाला हिंदीसुद्धा लागलं नाही.

गाडी घसरली ती शेवटी. बॉण्डला खुर्चीला बांधलंय, अंगावर कापड नाही, खलनायक ल शिफ्र त्याला दोराच्या गाठीनं फोडून काढतोय. दार उघडतं, कुणीतरी येऊन ल शिफ्रलाच गोळी घालतं, आणि पुढच्या क्षणी एकदम व्हेनिस. बॉण्ड टुणटुणीत, साधी उसणसुद्धा भरलेली नाही. त्याची जोडीदार व्हेस्पर लाल झग्यात बॅग घेऊन कुठंतरी निघालीय, हा तिच्यामागं. गोळ्या सुटतात, एक अख्खं जुनं घर कालव्यात खचायला लागतं, आणि ती बाई लिफ्टच्या लोखंडी पिंजऱ्यात स्वतःला आतून कोंडून घेऊन बुडून मरते. तो पाण्याखाली पिंजऱ्याच्या गजांना धडका देतोय. माझ्या मागच्या रांगेतून आवाज आला, "आता हिला काय झालं?"

सगळं थिएटर हसलं. मीही हसलो.

आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. तो शेवट संपता संपत नव्हता. घर किती वेळ बुडतंय, ही किती वेळ मरतेय, असं होऊन लोक चपला शोधायला लागले. पावणेनऊ झाले होते.

काही महिन्यांनी पुण्यात एका मित्राकडे डीव्हीडीवर तोच चित्रपट पाहिला तेव्हा नानांचा हात सापडला. छळ आणि व्हेनिस यांच्यामध्ये एक बाग आहे. इटलीतल्या कोमो तलावाकाठची जुनी हवेली, झाडं, ऊन. मार खाऊन आलेला माणूस आरामखुर्चीत बसलाय, ती शेजारी आहे. बँकेचा माणूस पेटी घेऊन जिंकलेल्या पैशांचे सोपस्कार करायला येतो आणि तेव्हा कळतं, की बॉण्डनं पासवर्ड म्हणून तिचंच नाव दिलं होतं. मग दोघं बोलतात. मग शिडाच्या बोटीतून व्हेनिसला निघतात आणि तो लॅपटॉपवर राजीनामा लिहून पाठवतो. गोळी नाही, गाडी नाही, धावणं नाही. फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी आणि मिनिटाला नव्वद फूट पळते. १४४ मिनिटांचा हा चित्रपट म्हणजे सुमारे तेरा हजार फूट. त्यातली नानांनी उडवलेली नऊशेएक फूट असेल. थिएटरच्या दारातून अंथरली असती तर स्टँडच्या गेटापर्यंत गेली असती.

तेवढी परत जोडली गेली आणि तो न संपणारा शेवट झटकन संपला. दम घेऊ दिला नाही. मिनिटं दहाएक वाढली होती, चित्रपट छोटा वाटत होता.

हे मला पुष्कळ दिवस पुरलं. वेगाबद्दल आपण बोलतो ते बहुतेक कातरीच्या भाषेत: कुठं लांबलंय, काय काढलं असतं तर घट्ट झालं असतं. आणि हेरपटात काढायची वेळ आली की पहिला हात प्रेमावर पडतो. हेर म्हणजे धावणारा माणूस. तो बसला की आपण अस्वस्थ होतो. पण मी पाहिलेल्या त्या कापीव आवृत्तीत धावणं सगळं जागच्या जागी होतं, एक फूट गेला नव्हता, आणि तरी ते थिजलं होतं. तो त्या पिंजऱ्यावर एवढा का आदळतोय हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. काहीतरी बुडत होतं एवढंच दिसत होतं. कुणाचं, ते गेलं होतं नानांच्या डब्यात.

मग मी तो चित्रपट नानांसारखा बघायला लागलो, म्हणजे कुठं काय कापता येईल असा. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलनं व्हेस्परला जवळजवळ तासाभरानं आणलंय. तोवर बॉण्ड सारखा पळतोय आणि आपल्याला मजा येतेय, पण काळजी अशी कुणाचीच नाही. ती येते ती रेल्वेच्या डब्यात, जेवणाच्या टेबलावर. सरकारी खजिन्याची बाई, त्याच्या हाती पैसे द्यायचे की नाही हे ठरवणारी. दोघं समोरासमोर बसून एकमेकांना वाचतात. कपडे, घड्याळ, बोलण्याची ढब यांवरून तो तिचं आणि ती त्याचं घर, आईबाप, शाळा काढत जाते. बाहेर अंधारात रूळ पळताहेत, आत दोन माणसं काट्याचमच्यानं जेवताहेत. क्रेनवरच्या पाठलागाइतकीच ही झटापट मला चढाओढीची वाटते. तिथं पडला तर हाडं मोडतील. इथं पहिल्यांदा कुणीतरी त्याला पाहिलंय.

आणि मग तो जिना. डाव मध्ये थांबलाय. ल शिफ्रकडे पैसे मागायला आलेला आफ्रिकी बंडखोर आणि त्याचा माणूस खोलीतून बाहेर पडतात, बॉण्ड आणि व्हेस्पर जिन्यात सापडायला नकोत म्हणून तो तिला जवळ ओढून तिचं चुंबन घेतो. हेरपटातली ही जुनी युक्ती. प्रेमी जोडप्याकडे कोण दोनदा बघतं? इथं मात्र पाहणाऱ्याला बॉण्डच्या कानातलं यंत्र दिसतं आणि जिन्यावर जी मारामारी सुरू होते ती सुंदर नाही. एक माणूस दुसऱ्याला हातांनी मारतोय, मरायला वेळ लागतोय, तिलाही हात घालावा लागतो. मग बॉण्ड खोलीत जाऊन आरशासमोर रक्त धुतो, सदरा बदलतो, पेल्यातलं एका घोटात संपवतो आणि परत जाऊन पत्ते उचलतो. वेग म्हणाल तर हा आहे.

रात्री तो परततो तर ती न्हाणीघरात शॉवरखाली फरशीवर बसलीय. अंगावर मेजवानीचाच पोशाख, भिजून चिकटलेला. पाणी चालू. तो कपड्यांसकट तिच्या शेजारी जाऊन बसतो. तिला वाटतंय हाताचं रक्त जात नाहीये. तो तिची बोटं तोंडात धरतो. थंडी वाजतेय का विचारतो. ती मान हलवते. तो हात वर करून नळ किंचित फिरवतो, पाणी गरम करतो. बस. मूळ कल्पनेत तिच्या अंगावर कमी कपडे होते आणि क्रेगनंच ते नको म्हटलं असं सांगतात: अशा अवस्थेतली बाई कपडे काढत बसणार नाही. खरं असावं. कारण त्या भिजलेल्या कापडानंच ते दृश्य जिन्याला बांधून ठेवलंय. मारामारी तिथं संपली नव्हती, इथं संपते, नळाच्या अर्ध्या वेढ्यानं.

आपल्याकडे अशा ठिकाणी विलंबित आणि द्रुत हे शब्द लगेच ओठांवर येतात. मीही वापरत आलो, पण बसत नाहीत. ख्यालात आधी विलंबित, मग द्रुत. गवय्या उलटं करत नाही. हा चित्रपट मात्र द्रुतात उघडतो, पत्त्यांच्या टेबलावर मध्यलयीत येतो आणि अखेर तलावाकाठी जवळजवळ थांबतो. उलट्या क्रमानं उतरत गेलेली मैफल, आणि पूर्ण थांबल्यावर खालची जमीनच काढून घ्यायची. इयन फ्लेमिंगच्या १९५३ च्या कादंबरीतही हाच उतार आहे. खलनायक बराच आधी मरतो आणि मग उरलेली पानं दोघांच्या सुट्टीची, संशयाची, गप्प जेवणांची. तिथं व्हेस्पर गोळ्या खाऊन मरते. घर वगैरे बुडत नाही. बॉण्डची ती पहिलीच कादंबरी, आणि तिच्या लेखकाला घाई कशी नव्हती याचं मला नेहमी नवल वाटतं.

बॉण्डपटांचा वेग ज्यानं घडवला तो पीटर हंट. १९६२ च्या 'डॉ. नो'पासूनच्या चित्रपटांचा संकलक. माणूस दाराकडे निघाला की दार उघडताना दाखवायचंच नाही, एकदम पलीकडे. ठोसा अर्ध्यात तोडायचा. मग १९६९ मध्ये या कातरीबहाद्दराला स्वतः दिग्दर्शन मिळालं, 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'. त्यानं केलं काय, तर १४२ मिनिटांचा चित्रपट, त्यात बॉण्डला ट्रेसीच्या प्रेमात पाडलं आणि लग्नही लावून दिलं. यापेक्षा लांब बॉण्डपट पुढं सदतीस वर्षं झाला नाही, आणि झाला तो 'कॅसिनो रॉयल'च. बॉण्ड मनापासून प्रेमात पडला की मिनिटं वाढतात, असं दिसतंय.

त्यातलं एक दृश्य मी कुणालाही दाखवीन. स्वित्झर्लंडमधलं डोंगरातलं गाव, नाताळचे दिवस, गर्दी. बॉण्डच्या मागावर माणसं आहेत आणि जॉर्ज लेझनबीचा बॉण्ड दमलाय. निव्वळ दमलेला नाही, घाबरलाय. या माणसाला असं घाबरलेलं आपण त्याआधी पाहिलं नव्हतं. बर्फावरच्या स्केटिंगच्या कडेला एका बाकावर कॉलर वर करून, मान खाली घालून तो बसतो. कॅमेरा खाली. दोन स्केट घसरत येतात आणि त्याच्यासमोर थांबतात. तो वर बघतो. ट्रेसी. डायना रिग. सेकंदभर पाठलाग थांबला, असं वाटतं. लगेच ती त्याला गाडीत घालून अशी हाकते की पाठलागाचाच जीव घाबरा होतो. गाडी ती चालवतेय, हा शेजारी बसलाय. प्रेमासाठी इथं कथा बाजूला घेऊन उभी केलेली नाही. प्रेमच स्टिअरिंगला बसलंय. मग रात्री गोठ्यासारख्या कोठारात, वाऱ्यात, तो तिला लग्नाचं विचारतो. लग्नाच्या दिवशीच गाडीत तिला गोळी लागते. हंटनं चित्रपट तिथंच संपवला, पुढं काही जोडलं नाही.

उलटं उदाहरणही घरातलंच आहे. 'क्वांटम ऑफ सोलेस', २००८, व्हेस्परच्या मरणानंतर लगेच सुरू होणारा. १०६ मिनिटं; तोवरच्या बॉण्डपटांत सगळ्यात आखूड. हॉलिवूडच्या लेखकांच्या संपात सापडलेला. सुरुवातीच्या गाड्यांच्या पाठलागात चौकटी इतक्या भराभर तुटतात की कोण कुणाला ठोकतंय हे मला आजही सांगता येणार नाही. नानांना कापायला त्यात काही सापडलं नसतं. मी दोनदा घड्याळ बघितलं.

हिचकॉकचा 'नोटोरियस' मी फार उशिरा पाहिला. १९४६ चा. पिस्तुलं जवळजवळ नाहीत, धावाधाव नाही, पण लाज वाटावी इतका ताण. इन्ग्रिड बर्गमन हेरगिरीसाठी एका नाझीशी लग्न करून बसलीय, आणि ज्या हेरानं तिला यात ढकललं त्या कॅरी ग्रँटवर तिचं प्रेम आहे. रिओतल्या घरी मेजवानी. तळघराची किल्ली तिच्या मुठीत; दिवाणखान्याच्या छताजवळून निघालेला कॅमेरा एका दमात खाली येत येत त्या मुठीपर्यंत जातो. दोघं तळघरात. वरती शँपेनच्या बाटल्या संपत आल्यात आणि संपल्या की नवरा आणखी आणायला खाली येणार. हेच घड्याळ. बर्फात रोवलेल्या बाटल्या मोजायच्या, एवढंच. खाली एक बाटली फुटते, आतून दारूऐवजी काळी माती निघते, आणि वरून पावलं. ग्रँट तिला मिठीत घेतो. संशय किल्लीवरून आपल्या प्रेमावर वळावा म्हणून. खोटं चुंबन; आणि चित्रपटभर दोघं याच चुंबनासाठी तळमळताहेत. नवऱ्यानं पाहिलं ते खोटं होतं की खरं? दोन्ही. साठ वर्षांनी बॉण्डनं जिन्यात हीच युक्ती केली. हेराच्या धंद्यात खोटं बोलणं हे पोटापाण्याचं काम. प्रेमात पडला की रोजच्या अवजाराची धार त्याच्याच हाताला लागते.

आपल्या हिंदी हेरपटानं या पेचातून वेगळी वाट काढली: प्रेमाला गाण्याचा स्वतंत्र डबा जोडून दिला. १९६७ चा 'फर्ज', तेलुगूतल्या 'गूढचारी ११६' वरून केलेला, गिरगावच्या चाळीत वाढलेल्या जितेंद्रला त्यानं वर काढलं. एजंट ११६ शत्रूच्या मागावर असतो आणि अधूनमधून पांढऱ्या बुटांत बागेत असतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध विचारायचा नाही. नाना तेव्हा मशीनवर पोऱ्या म्हणून लागलेले. ते सांगायचे की त्या चित्रपटाला गाण्यावर चिल्लर उडायची आणि मारामारीला लोक चहाला जायचे, तेव्हा कापली ती मारामारी. थोडक्यात, वेग कशात आहे हे पडदा ठरवत नाही. 'एक था टायगर' २०१२ चा. त्यात भारताचा हेर आणि पाकिस्तानची हेर प्रेमात पडतात. कल्पना पहिल्या प्रतीची, कारण दोघांचंही प्रत्येक वाक्य खोटं असायला हवं. मला त्यांच्या खोटेपणाचा वेळ हवा होता, मिळाला तो लोखंडी जिने आणि गच्च्या. तो वेळ सहा वर्षांनी मेघना गुलजारच्या 'राझी'नं दिला. १९७१ चं पाकिस्तान, फौजी घराण्याची सून होऊन गेलेली सेहमत, न्हाणीघरात लपून संदेश पाठवणारी. नवरा भला आहे. तो भला नसता तर चित्रपट अर्ध्या तासानं कमी झाला असता आणि आपण जास्त वेळा मोबाइल बघितला असता. त्याच्या प्रत्येक चांगल्या वागण्यानं आपल्या पोटात गोळा येतो.

डीव्हीडी पाहून झाल्यावर पुढच्या दिवाळीत मामाकडे गेलो तेव्हा नानांना गाठलं. मशीनच्या खोलीत ते रिवाइंडर फिरवत बसले होते; एका हाताच्या अंगठ्या-तर्जनीत फिल्मची कड धरलेली, सांधा आला की न बघता थांबायचे. खिळ्यावर तुकडे लोंबत होते. जाताना परत जोडून डबे वितरकाकडे पाठवायचे असत.

"नाना, त्या बॉण्डच्या पिक्चरमधली बाग का उडवलीत?"

"कुठली बाग?"

मी सांगितलं. त्यांना लगेच आठवलं. "ती व्हय. अरे, त्यात काय होतच नाही. दोघं नुसती बसल्यात. पब्लिक खाली चुळबुळतंय. तिकडं गाडी जायची."

मी बरंच बोललो. पासवर्ड, लिफ्टचा पिंजरा, ती का मरते. नानांनी सगळं ऐकून घेतलं. फिल्मची कड बोटांतून सरकतच होती.

"तू म्हणतोस ते असंल. पण गाडीतली चाळीस माणसं सांग काय करायची? वरच्या वाडीचं एक म्हातारं जोडपं यायचं दर शनवारी. कुठलाबी पिक्चर असू दे, विंग्रजी असू दे. म्हातारा तिकीट काढायचा, म्हातारी पिशवीत भाकरी आणायची. त्यास्नी रात्री कुठं ठेवू? तुझ्या मामाच्या ओट्यावर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विचारलं, बॉण्ड लागला त्या शनिवारी मिळाली ना मग गाडी त्यांना?

नाना पहिल्यांदा थांबले. हसले.

"त्या दिवशी गाडीच लेट झाली. चांगली अर्धा तास. मी रातच्या खेळाच्या आधी च्याला गेलतो स्टँडवर, तेव्हा बाकड्यावर होती दोघं."

"काय करत होती?"

"काय करणार? बसली होती." रिवाइंडरचं हँडल त्यांनी पुन्हा फिरवायला घेतलं. "भाकरी खाल्ली असंल."